परतीची वाटी : परमुलखातल्या एकट्याच्या जेवणाविषयी

१

एकट्याने जेवणे हा नैतिक विचाराचा विषय होऊ शकतो काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. भूक ज्याची त्याची असते आणि घासही ज्याचा त्याचाच असतो. गेओर्ग झिमेल याने भोजनाच्या समाजशास्त्रावर १९१० मध्ये जो छोटा निबंध लिहिला, त्यात हाच मुद्दा आधारभूत मानला आहे. मी जे पाहतो ते दुसऱ्याला दाखवता येते, मी जो विचार करतो तो दुसऱ्याला सांगता येतो. परंतु मी जे खाल्ले ते अन्य कोणालाही खाता येत नाही. या अर्थाने खाणे ही माणसाची सर्वांत आत्मकेंद्री क्रिया आहे. झिमेलचा निष्कर्ष मात्र उलट दिशेने जातो. ही क्रिया सर्वांना समान असल्यामुळेच तिच्याभोवती एकत्र येण्याचे विधी, वेळा आणि शिष्टाचार निर्माण झाले, आणि त्यांनी तिला निव्वळ देहधर्माच्या पातळीवरून वर उचलले.

या युक्तिवादात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ते विधी गळून पडले आणि माणूस पुन्हा एकटाच खाऊ लागला, तर तो कोणत्या पातळीवर परततो? देहधर्माच्या की आणखी कोणत्या? परमुलखात एकट्याने राहणारा आणि फोनवरून आपल्यापुरते जेवण मागवणारा माणूस हे या प्रश्नाचे आजचे उदाहरण होय. त्याच्याविषयीची चर्चा सामान्यतः एकटेपणाच्या अंगाने, म्हणजे मानसशास्त्राच्या भाषेत होते. प्रस्तुत लेखात ती ऋणाच्या अंगाने करावयाची आहे. अन्नाची किंमत चुकती केली म्हणजे अन्नाचे ऋण फिटते काय, एवढाच येथील प्रश्न आहे.

२

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक अनुभव समोर ठेवतो. २०२३ च्या हिवाळ्यात अभ्यासाच्या निमित्ताने काही महिने मी सेऊल येथे राहिलो. निवास एका खोलीचा होता. तीत शेगडी होती, पण एकट्यासाठी रांधण्याचा उत्साह नव्हता. संध्याकाळी फोनवर ॲप उघडायचे आणि चित्रांवरून पदार्थ निवडायचा. पत्ता आधीच नोंदलेला असे, पैसे आपोआप वळते होत. पाऊण तासाच्या आत दाराबाहेर पिशवी आलेली असे. ज्याला तेथील भाषा येत नाही त्याला ही सोय केवढी वाटते हे सांगायला नको. चार लोकांत अडखळत बोलण्याची नामुष्की तिच्यामुळे टळते.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण लक्षात आली. मी राहत होतो त्या भागातील बहुतेक उपाहारगृहांनी घरपोच जेवणासाठी किमान रकमेची अट घातलेली होती आणि ती रक्कम एका माणसाच्या साध्या जेवणाच्या किमतीपेक्षा बहुधा अधिक असे. बोस्साम, म्हणजे उकडलेले डुकराचे मांस, किंवा जिमदाक, म्हणजे सोयाच्या रश्शात बटाटे घालून शिजवलेली कोंबडी, असे पदार्थ लहान, मध्यम आणि मोठा अशा मापांत मिळत. त्यांतले ‘लहान’ हे माप दोघांचे. प्रत्यक्ष मांस भाजून खाण्याच्या उपाहारगृहांतही ‘दोन वाढण्यांपासून पुढे’ अशी पाटी दिसे. परिणामी मी रोज दोघांचे जेवण मागवत होतो. अर्धे रात्री गरम खायचे, अर्धे दुसऱ्या दिवशी गार.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे वोल्फगांग इझरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. प्रत्येक संहितेच्या रचनेत एक अभिप्रेत वाचक दडलेला असतो, ही त्याची मांडणी (१९७२) आता परिचित आहे. पदार्थांच्या यादीतही तसाच एक अभिप्रेत भोक्ता असतो. सेऊलच्या त्या यादीतील अभिप्रेत भोक्ता एकटा नव्हता. तो किमान दोघांचा होता. मी प्रत्यक्ष भोक्ता होतो, पण यादीने गृहीत धरलेला नव्हतो.

या गृहीताची मुळे भाषेत आहेत. कोरियन भाषेत कुटुंबीयांसाठी ‘शिक्कू’ असा शब्द आहे. तो ज्या दोन चिनी शब्दांपासून बनला त्यांचा अर्थ अन्न आणि तोंड असा. एका अन्नावर जगणारी तोंडे ती एका घरची माणसे. एका भांड्यातला भात खाणे या वाक्प्रचाराचा अर्थ एका गटाचे होणे असा होतो. मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. आपल्याकडेही भावांची वाटणी झाली हे ‘चुली वेगळ्या झाल्या’ अशा शब्दांत सांगितले जाते. दुसरीकडे, २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एक-तृतीयांशाहून अधिक घरे एकट्या माणसाची होती, आणि एकट्याच्या जेवणाला ‘होन्बाप’ असा स्वतंत्र शब्दही रूढ झालेला होता. भाषेने नवे वास्तव स्वीकारले होते. यादी अजून जुन्या व्याकरणात होती. पुढे २०२५ मध्ये तेथे किमान रकमेची अट नसलेली, एका वाडग्याची वेगळी यादीही सुरू झाली. बाजाराला एकटा माणूस सापडला. पण बाजाराने एकट्याला एकक म्हणून मान्य केले याचा अर्थ नैतिक प्रश्न सुटला असा होत नाही. त्यामुळे तो अधिक निखळ रूपात पुढे येतो, इतकेच.

३

एकट्याने खाण्याविषयी परंपरेचे मत कठोर आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त एकट्यानेच खाणाऱ्याला केवळ पापाचा धनी ठरवते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात फक्त स्वतःसाठी रांधणाऱ्यांविषयी हीच भूमिका घेतलेली आहे. सेनेका आपल्या एका पत्रात एपिक्युरसचे मत सांगतो : काय खावे यापेक्षा कोणाबरोबर खावे हे आधी पाहावे, मित्रावाचून उदरभरण हे सिंहाचे आणि लांडग्याचे जिणे. कांटने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात विचारवंताने एकट्याने जेवणे आरोग्याला अपायकारक मानले आहे, आणि पंक्तीला तीन कृपादेवतांहून कमी व नऊ कलादेवतांहून अधिक माणसे नसावीत असा दंडकही सांगितला आहे.

या सर्व मतांत एक साम्य आहे. ती सहभोजनाचा, म्हणजे ताटाच्या शेजारच्या ताटाचा विचार करतात. वैदिक सूक्ताचा रोख दानाकडे आहे, एपिक्युरसचा मैत्रीकडे, कांटचा संभाषणाकडे. ताटात अन्न कोठून आले हा प्रश्न कोणी मध्यवर्ती मानत नाही. कांटच्या मोजणीत पाहुणे येतात. स्वयंपाक करणारे आणि वाढणारे हात येत नाहीत.

मराठी पंगतीच्या शेवटी मात्र एक वेगळे सूत्र उच्चारले जाते : ‘अन्नदाता सुखी भव’. त्याचा रोख शेजाऱ्याकडे नाही, देणाऱ्याकडे आहे. अर्थात या सूत्राचेही उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यातील अन्नदाता म्हणजे व्यवहारात यजमान, खर्च करणारा पुरुष. चुलीपाशी धुरात बसलेली बाई त्या आशीर्वादाची धनीण क्वचितच ठरली. सर्वांना वाढून झाल्यावर, उरले असेल ते घेऊन, ती एकटी जेवत असे. मराठी घरातली सर्वांत जुनी एकटी जेवणारी व्यक्ती ही भरल्या घरात होती. एकट्याचे जेवण हे आधुनिकतेचे किंवा परदेशाचे अपत्य आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण तिला विसरलेले असतो.

पंगतीचीही दुसरी बाजू आहे. पंगत जितक्यांना एकत्र बसवते त्याहून अधिकांना उठवते. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे यावर आपल्या समाजाने जातीची उतरंड उभी केली. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत पाव खाणे ही जातिबंधन मोडल्याची खूण होती, आणि तो गुप्तपणे खावा लागे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधील चहावरून प्रायश्चित्ताचे केवढे प्रकरण झाले हे सर्वश्रुत आहे. दारोदार अन्न मागणाऱ्या दोघांची तुलना केली की हा भेद आणखी स्पष्ट होतो. ब्राह्मण विद्यार्थ्याने मागितलेल्या अन्नाला माधुकरी म्हणत आणि ते देणाऱ्याला पुण्य लागे. बलुत्याच्या हक्काने महाराने मागितलेली भाकरी मात्र उंबऱ्याबाहेर, वरून टाकली जाई. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी अन्न घेण्यातील अपमान मराठी वाङ्मयाच्या मध्यभागी आणून ठेवला, तो या पार्श्वभूमीवर.

तेव्हा किंमत देऊन अन्न घेणे यात मुक्तीचा एक खराखुरा अंश आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कापडगिरण्यांच्या काळात कोकणातून आणि देशावरून मुंबईत एकट्याने आलेल्या कामगाराला खाणावळीने हेच दिले. महिन्याचे पैसे मोजले की तो कोणाचा आश्रित नव्हता. वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याला सात घरच्या सात मर्जी सांभाळाव्या लागत. खाणावळीतल्या कामगाराला एकही नाही. सेऊलच्या त्या खोलीत मी कोण, कोणत्या जातीचा, कोणाच्या ओळखीने आलो, हे अन्न देण्यापूर्वी कोणी विचारत नव्हते. या अनामिकतेला केवळ यांत्रिकता म्हणून हिणवणे सोपे आहे. ज्याच्या आजोबांना पाण्याच्या ओंजळीसाठी तिष्ठावे लागले तो मनुष्य ते सहजासहजी मान्य करणार नाही, आणि त्याने ते करू नये.

४

तरीही खाणावळ आणि ॲप यांत एक भेद उरतो. तो भावनेचा नाही, संबोधनाचा आहे.

खाणावळ चालवणारी बाई समोर असे. गिऱ्हाईक पैसे देई, पण आमटी बिघडली तर तिला सांगे, बरी झाली तर वाढीव मागे, महिना थकला तर तिच्यापुढे मान खाली घाली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईत या खाणावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा अन्न विकणाऱ्या या स्त्रिया ‘घरी बसून दोन माणसांना जेवू घालणाऱ्या’ न राहता कष्टकरी म्हणून प्रथम मोजल्या गेल्या. मुंबईच्या डब्याचेही असेच. डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासूनची मानली जाते. डबा एकट्याने, कचेरीच्या टेबलावर उघडला जातो. पण तो कोणीतरी कोणासाठी तरी भरलेला असतो, आणि झाकणावरच्या खुणा हा त्या ‘कोणासाठी’चा पत्ता असतो. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाचे कथानक चुकीच्या माणसाकडे गेलेल्या डब्यावर उभे आहे. डब्याला पत्ता नसता तर तो चुकलाही नसता. मुख्य म्हणजे डबा संध्याकाळी रिकामा परत जातो. त्यात काही उरले आहे का, हे घरी पाहिले जाते. तो परतीचा मजकूर असतो.

एकट्याचे जेवण आणि संबोधनहीन जेवण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसेल. साहित्यव्यवहारातही हा भेद आपण मानतो. वाचक एकटाच वाचतो, भावकवितेतला ‘मी’ एकटाच बोलतो; परंतु त्या बोलण्याला ‘तू’ असतो, मग तो प्रत्यक्ष हजर असो वा नसो. भरताने रसाची उपपत्ती सांगताना अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणारे सुमनस्क लोक जसे रस आस्वादतात तसे प्रेक्षक स्थायिभाव आस्वादतात, असे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायाचे प्रतिपादन आहे. या दृष्टान्तातील भोक्ते अनेकवचनी आहेत. शिवाय संस्कार या शब्दात संस्कार करणारा गृहीत आहे. आस्वादाचे आपले शास्त्र भोक्त्याविषयी पुष्कळ बोलले. व्यंजने सिद्ध करणाऱ्याचा विचार त्याने कवीपाशी थांबवला आणि स्वयंपाकघरापर्यंत नेला नाही.

कोरियन भाषेत जेवणाआधी ‘चांगले जेवेन’ आणि जेवणानंतर ‘चांगले जेवलो’ अशा अर्थाची दोन ठरीव वाक्ये म्हटली जातात. ज्याने रांधले किंवा ज्याने पैसे दिले त्याला उद्देशून ती असतात. त्या वाक्यांतील क्रियापदाचा प्रत्यय ऐकणाऱ्याविषयीचा आदर दाखवणारा आहे, म्हणजे श्रोता व्याकरणातच गृहीत आहे. मी ती दोन वाक्ये शिकलो होतो. खोलीत पिशवी उघडताना ती म्हणून पाहिली, तेव्हा हे प्रत्ययाचे वैशिष्ट्य मला प्रथम जाणवले. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, आणि कोणाशीही बोलत नव्हते.

५

आता त्या माणसाकडे वळावयास हवे, ज्याला उद्देशून ते वाक्य निदान अंशतः असायला हवे होते.

मागणी नोंदवताना सूचना निवडण्याची सोय असे. ‘दारापाशी ठेवा आणि बेल वाजवा’ ही सूचना मी पहिल्या दिवशी निवडली आणि ती तशीच राहिली. करोनाच्या साथीत, २०२० नंतर, अशी संपर्काविना देवाणघेवाण अनेक देशांत अंगवळणी पडली. साथ ओसरली तरी सवय टिकली. बेल वाजे. मी उठून दारापाशी जाई, पण दार उघडत नसे. लिफ्टचे दार मिटल्याचा आवाज आला की मग उघडायचे, असा माझा क्रम होता. तीन महिन्यांत मला जेवण आणून देणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. ही गैरसोय नव्हती. ती मी करून घेतलेली सोय होती. दाराच्या आत श्वास रोखून मी नेमके काय टाळत होतो, याचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

सेऊलमधील एका प्रमुख सेवेचे नाव या संदर्भात उद्बोधक आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘बेदाल मिन्जोक’ या नावात श्लेष आहे. ‘बेदाल’ हे कोरियन लोकांचे एक प्राचीन नाव आहे, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पोचवणे असा होतो. बेदालचे लोक म्हणजेच पोचवणारे लोक. एका राष्ट्राचे अभिमानाचे नाव अशा रीतीने मोटारसायकलवरच्या पेटीवर येऊन बसले. २०२१ मध्ये ही सेवा बर्लिनस्थित कंपनीच्या मालकीची झाली. तत्पूर्वी, २०१९ मध्ये, तेथील मोटारसायकलवरून अन्न पोचवणाऱ्या कामगारांनी आपली संघटनाही स्थापन केली होती. श्लेषात जे ‘लोक’ होते त्यांना आपण लोक आहोत हे वेगळे सांगावे लागले.

जुनी कोरियन पद्धत निराळी होती. काळ्या सोयाबीनच्या सारातील नूडल्स चिनी धर्तीच्या उपाहारगृहांतून पत्र्याच्या पेटीत घालून घरी येत, त्या खऱ्याखुऱ्या भांड्यांत. जेवण झाले की भांडी दाराबाहेर ठेवायची आणि तोच माणूस ती न्यायला परत येई. त्यात फार आत्मीयता होती असे मानण्याचे कारण नाही. पण एक परतीची फेरी होती. खाणाऱ्याकडे देणाऱ्याची काही वस्तू काही काळ राहत असे. प्लास्टिकच्या डब्याने ही फेरी संपवली. जे परत करायचे नसते त्याचे कोणाशी नाते राहत नाही. ते थेट कचऱ्यात जाते.

जानेवारीतल्या एका बर्फाळ रात्री मी ठरवून बेल वाजताच दार उघडले. समोरचा माणूस पन्नाशीच्या पुढचा होता. शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ साठली होती. मी वाकून आभार मानले, आणि पाठ केलेले आणखी एक वाक्य म्हणू लागलो. त्याने घाईने मान तुकवली, पण त्याची नजर हातातल्या फोनवर होती. पुढची मागणी आलेली असावी. माझ्या वाक्याला वेळ लागत होता, कारण मला भाषा येत नव्हती. आणि तेवढ्यात लिफ्ट खाली निघून गेली. तो जिन्याने उतरला. मी पाचव्या मजल्यावर राहत होतो.

या प्रसंगाने मला संकोच झाला, आणि त्या संकोचाचे विश्लेषण हाच या लेखाचा खरा आरंभ आहे. मी आभार मानले ते माझ्यासाठी. माझी कृतज्ञता खर्च झाली ती त्याच्या वेळातून. ज्याला प्रत्येक फेरीचे पैसे मिळतात त्याच्यापाशी माझे सौजन्य स्वीकारण्याइतकीही सवड नव्हती. ती सवड काढून घेणाऱ्या व्यवस्थेत ‘लवकर’ मागणारा मीही एक होतो.

६

मार्सेल मॉस याने देणगीवरील आपल्या प्रबंधात (१९२५) देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तिहेरी बांधिलकी दाखवून दिली. परतफेडीची शक्यता नसलेले दान स्वीकारणाऱ्याला दुखावते, हेही त्याने नोंदवले आहे. मराठीत या अनुभवाला ‘मिंधेपण’ असा नेमका शब्द आहे. मिंधा माणूस डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही. किमतीचा मोठा उपकार हा की ती मिंधेपण नाहीसे करते.

पण मिंधेपण आणि ऋण एक नव्हेत. मिंधेपण देणाऱ्याच्या सत्तेतून येते. ऋण माणूस स्वतः मान्य करतो. आपल्या सभासमारंभांत आभाराच्या भाषणाचा शेवट हमखास एका ठरीव वाक्याने होतो : आभार मानून मोकळे होण्यापेक्षा आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो. हे वाक्य इतके झिजले आहे की ते कोणी ऐकत नाही. तरी त्यात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. आभार हे मोकळे होण्याचे साधन असू शकते, हे त्यात ओळखलेले आहे. पैसे हे मोकळे होण्याचे अधिक कार्यक्षम साधन. जानेवारीतल्या त्या रात्री पैसे देऊनही जे उरले होते त्यातून मी आभाराने मोकळा होऊ पाहत होतो, आणि तो प्रयत्न फसला. दाराआड उभे राहून मी जे टाळत होतो तेही ऋणच असावे. बंद दारामागे ते मिंधेपणासारखे भासत होते, इतकेच.

ऋण न फेडता मान्य कसे करायचे? या ठिकाणी शतपथ ब्राह्मणातील एक विचार उपयोगी पडतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या तीन ऋणांची परंपरा सुपरिचित आहे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथ्याची भर घालते : मनुष्यांचे ऋण. ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडायचे असते. यातील महत्त्वाची गोष्ट ही की ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत द्यावे अशी अट येथे नाही. ऋणको आणि धनको यांच्या समोरासमोरच्या हिशेबातून हे ऋण बाहेर काढलेले आहे. ते पुढच्या भुकेल्याकडे जाते. एमान्युएल लेव्हिनासच्या चिंतनात आपल्या तोंडचा घास दुसऱ्याला देणे हे नैतिकतेचे मूळ रूप म्हणून येते. त्या चित्रातील तीव्रता माझ्या अनुभवाला पेलणारी नाही. माझ्यापाशी तोंडचा घास नव्हता, यादीने सक्तीने दिलेला दुसऱ्याचा वाटा होता.

तो वाटा घेऊन एके दिवशी मी शेजारच्या खोलीचे दार वाजवले. तेथे उझबेकिस्तानातून आलेला एक विद्यार्थी राहत होता. त्याने पिशवीत पाहून हसत मान हलवली. ते डुकराचे मांस होते. पुढच्या खेपेस मला यादी वेगळ्या नजरेने वाचावी लागली. आजवर मी माझ्या जिभेसाठी वाचत होतो, आता दुसऱ्याचा निषेध लक्षात ठेवून. मोठ्या माशाचे कालवण मागवले, ते दोघांनी खाल्ले. त्याने लगेच अर्धे पैसे देऊ केले. मी नको म्हणताच त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला ओळखीचे होते. ते मिंधेपण होते, आणि या वेळी ते मी निर्माण केले होते. मी पैसे घेतले. आठवड्याने तो आपल्याकडची गोल, शिक्क्यासारखी नक्षी असलेली रोटी कागदात गुंडाळून घेऊन आला. तिचे त्याने पैसे सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये असा संकेत आहे. साखर घालून, लिंबू घालून, काहीच नसेल तर चिमूटभर मीठ घालून ती परत जाते. या संकेतात हिशेब नाही, कारण लिंबाची आणि खिरीची किंमत सारखी नसते. त्यात फक्त देवाणघेवाण अपुरी ठेवण्याची सोय आहे. दोघांपैकी कोणीच पूर्ण मोकळे होत नाही, आणि कोणी मिंधेही होत नाही.

या संकेताने मोटारसायकलवरच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याच्या जिन्याचे पाच मजले माझ्या शेजाऱ्याबरोबरच्या जेवणाने भरून निघत नाहीत. त्याला वेळ हवा, फेरीला रास्त मोबदला हवा, अपघातात आधार हवा. या गोष्टी कायद्याच्या आणि संघटनेच्या क्षेत्रातल्या आहेत, आणि तेथे ग्राहकाच्या सद्भावनेपेक्षा त्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे याला अधिक अर्थ आहे. नीतिविचार करू शकतो ते एवढेच : किंमत दिल्यावर हिशेब संपला, हे समाधान तो काढून घेऊ शकतो. किंमत ही मिंधेपणातून सुटण्याची पावती आहे, ऋणातून सुटण्याची नव्हे. एकट्याने जेवणारा माणूस पापी नाही. भरल्या घरात शेवटी जेवणारी ती बाईही पापी नव्हती. पण आपण खरोखरच एकट्याने जेवलो असे तो मानू लागला, तर त्याची मोजणी चुकली आहे. ताटाशी तो एकटा असेल. ताटापर्यंत आलेल्या हातांत नसतो.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मी सूचना बदलली आणि ‘घाई नाही’ असे कोरियन भाषेत लिहून ठेवले. पोचवणाऱ्यापर्यंत ती ओळ जाते की नाही, हे मला कळू शकले नाही. जेवण नेहमीच्याच वेळात आले.